बासष्ट टक्के

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पालिकेची पाण्याची टाकी आहे. गेल्या महिन्यात एके दिवशी सकाळी सहाला ती वाहू लागली. ठिबकत नव्हती, चांगली धो धो वाहत होती. रिक्षावाल्याने रिक्षा धुऊन घेतली, समोरच्या काकूंनी वर्षभर तुंबलेल्या गोधड्या बाहेर काढल्या, आणि मी जबाबदार नागरिक असल्यामुळे फोन केला.

“टाकी वाहतेय.”

“कुठली?”

सांगितली. पलीकडे माउसची टकटक झाली.

“नाही वाहत.”

“अहो, मी टाकीखालीच उभा आहे. भिजलोय.”

“इथे बासष्ट टक्के दाखवतंय, सर.”

इतक्या नम्रपणे सांगितल्यावर माणसाला स्वतःच्या ओल्या सदऱ्याची शंका येते. दुपारी मी ते बासष्ट टक्के बघायला गेलो.

पूर्वी जिथे बिघडलेल्या मीटरांचा ढीग असायचा, तिथे आता नियंत्रण कक्ष आहे. एसी आहे. भिंतीवर भलामोठा टीव्ही आहे आणि शेजारी त्या टीव्हीच्या उद्घाटनाचा फोटो आहे. आत चपला काढून जावं लागतं. टीव्हीवर शहरातल्या सगळ्या टाक्या ओळीने उभ्या. प्रत्येकीत निळं पाणी, आणि त्या पाण्यावर लाटा. टाकीत लाटा कशा येतील असं विचारायचं नसतं. पैसे लाटांचे दिलेले असतात.

डिप्लोमा केलेला, कंत्राटावर लागलेला एक पोरगा समोर बसला होता. त्याने आमच्या टाकीवर क्लिक केलं. आकड्याखाली मुंगीच्या अक्षरात तारीख आणि वेळ उमटली. मी चष्मा वर करून वाचली.

“हे अकरा दिवसांपूर्वीचं आहे.”

“हो सर,” तो म्हणाला. “आकडा बरोबर आहे. फक्त अकरा दिवसांपूर्वीचा आहे.”

या विद्येला टेलिमेट्री म्हणतात. लांबचं माप जवळ आणायचं. टाकीच्या झाकणाखाली एक डोळा बसवतात. तो पाण्यावर आवाजाची लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला यावरून पातळी काढतो. खाली पत्र्याच्या पेटीत एक यंत्र असतं, ते माप घेतं आणि मोबाइलच्या सिमकार्डावरून कचेरीत पाठवतं. तिथे टीव्ही. टीव्हीवरून उलटा हुकूमही पाठवता येतो, अमका व्हॉल्व्ह उघड, तमका पंप बंद कर. या सगळ्या खटाटोपाला ‘स्काडा’ म्हणतात. नाव ऐकून शिवाशिवीचा खेळ वाटतो, पण वीज, पाणी, सांडपाणी, गॅस, जगातल्या सगळ्या मोठ्या सेवा आता याच्याच जिवावर चालतात. आणि चांगल्या चालतात, हेही सांगून टाकतो, नाहीतर मला कंदील-चिमणीच्या काळातला ठरवाल.

आमच्या टाकीचं दुखणं मात्र डोळ्यात नव्हतं, पेटीत नव्हतं आणि टीव्हीतही नव्हतं. सिमचा रिचार्ज संपला होता.

आता रिचार्ज म्हणजे काही फार मोठी रक्कम नाही. अडचण तीच आहे. मोठ्या रकमेला निविदा असते, निविदेला ठेकेदार असतो, ठेकेदाराला बिल असतं. दोन-तीनशे रुपयांना कोण असतं? ते कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाहीत. ठेकेदाराची देखभालीची मुदत मार्चमध्ये संपली. त्यानंतर रिचार्ज कोणी मारायचा यावर फाइल निघाली आहे. फाइलचं माप मात्र कुठल्या टीव्हीवर दिसत नाही.

यात मला राग कशाचा आला ते सांगतो. बंद पडण्याचा नाही. बंद काय, सगळंच पडतं. राग त्या निळ्या लाटांचा. सिम मेलं, अकरा दिवस टाकीकडून अवाक्षर नाही, तरी टीव्हीवर लाटा हसतमुखाने हलत होत्या.

आणि गंमत अशी की ज्यांनी ही मापनविद्या घडवली त्यांनी नेमकी याच दुखण्याची काळजी आधीच घेतली होती. मापाचा विद्युतप्रवाह तारेतून पाठवताना जगभरच्या कारखान्यांत एक जुना संकेत पाळतात. टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर, भरली असेल तर २०. बासष्ट टक्के म्हणजे साधारण १४. कोणीही विचारेल, रिकाम्याला ४ कशाला? सरळ शून्य का नाही? तर, तार तुटली की शून्य येतं म्हणून. टाकी रिकामी असेल तर यंत्राने ‘मी जिवंत आहे, आणि टाकीत काही नाही’ असं ४ मिलिअँपिअरमध्ये म्हणायचं. मेलेल्या यंत्राने गप्प बसायचं. म्हणजे ‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’ यांतला फरक तारेलासुद्धा कळावा. इंग्रजीत याला जिवंत शून्य म्हणतात. इतकी सभ्य कल्पना मी माणसांच्या व्यवहारात फारशी पाहिलेली नाही. आपल्याकडे अर्ज नामंजूर झाला आणि अर्ज हरवला या दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

तारेने पाळलेली ही सभ्यता टीव्हीपर्यंत येईतो मरते. टीव्ही कोणासाठी असतो? पाहुण्यांसाठी. पाहुण्यांना टाकीच्या जागी लाल फुली दाखवायची? त्यापेक्षा मागचा चांगला आकडा राहू दे तसाच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कोणी उसासा टाकू नये. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टॉम सॉक नावाचा वीजप्रकल्प आहे, आपल्या घाटघरला आहे तसा. रात्री स्वस्त विजेने पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचं, दिवसा खाली सोडून वीज करायची. वर माणूस नाही. सगळा कारभार दूरच्या दुसऱ्या धरणावरून, पडद्यावर बघून. तलावात पातळी मोजणारी यंत्रं ज्या नळ्यांत बसवली होती त्या नळ्या भिंतीवरच्या पकडीतून सुटल्या आणि वाकल्या. यंत्र आपल्या जागेवरून हललं, म्हणून पाणी आहे त्यापेक्षा कमी दाखवू लागलं. २००५च्या शरद ऋतूत हे लक्षातही आलं. मग काय केलं? नळ्या बांधल्या? छे. आकड्यात थोडी भर टाकून हिशेब जुळवून घेतला, आणि नळ्यांची दुरुस्ती पुढच्या बंदच्या वेळेला करू असं ठरवलं.

वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

यावर शेवटचा पहारेकरी म्हणून आणखी दोन संवेदक होते. पाणी त्यांना टेकलं की पंप आपोआप बंद. ते इतके वर बसवलेले होते की भिंतीच्या सगळ्यात खचलेल्या जागेवरून पाणी बाहेर पडलं तरी त्यांचे पाय कोरडेच राहावेत. १४ डिसेंबर २००५च्या पहाटे तसंच झालं. पडद्यावर तलाव भरायचा बाकी होता, डोंगरावर तो वाहत होता. वाहता वाहता बांध कापला गेला आणि एक अब्ज गॅलनपेक्षा जास्त पाणी अर्ध्या तासाच्या आत डोंगर धुऊन खाली आलं. पायथ्याच्या उद्यानाच्या अधीक्षकाचं घर वाहून गेलं. नवरा, बायको, तीन लहान मुलं, पाचही जण वाचले. थंडीचे दिवस होते, उद्यानाच्या तंबूतळावर कोणी नव्हतं, म्हणून बाकीचे वाचले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या असत्या तर काय, ते लिहायला नको.

आता जरा सांगलीला या. पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला फोन केला तर ‘कसे आहात’ विचारत नाहीत. ‘पाणी किती फुटांवर?’ असं विचारतात. सांगलीत १९२९ सालचा आयर्विन पूल आहे, त्याच्यावर फुटाच्या खुणा रंगवल्या आहेत. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथे ३९ आणि ४३. हे आकडे तिथल्या पोराटोरांना बारशापासून पाठ असतात. जलसंपदा विभागाने कृष्णा-भीमा खोऱ्यांत आपोआप मोजणारी आणि आपोआप कळवणारी केंद्रं बसवली आहेत. ती हवीतच. कोयनेच्या पाणलोटात रात्री किती पडला ते पुलावरच्या रंगाला कुठून कळणार? वरच्या पावसाची खबर आधी पोचली तरच खालच्यांना सामान माडीवर चढवायला वेळ मिळतो.

पण २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तिकडची माणसं मोबाइलवर आकडा बघतात आणि तरी छत्री घेऊन पुलाकडे चालत जातात. अडाणी म्हणून नव्हे. रंगवलेल्या पट्टीचा एक गुण आहे. तिचा रिचार्ज संपत नाही, आणि अकरा दिवसांपूर्वीचं पाणी ती आज दाखवू शकत नाही.

आणि खेड्यातला माणूस यंत्राला बिचकतो म्हणणाऱ्यांनी रात्री एखाद्या उसाच्या फडाकडे जावं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बाराला थ्री फेज आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, वाटेत साप, अलीकडे बिबट्या, मोटर टाकायची, परत यायचं, तोवर लाईट गेलेली. या येरझाऱ्यांवर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र काढलं. स्टार्टरला मोबाइल जोडायचा आणि घरातून फोन करून मोटर चालू-बंद करायची. लाईट आहे की नाही तेही फोनवर कळतं. आता असे मोबाइल स्टार्टर तालुक्याच्या बाजारात ढिगाने मिळतात. ना टीव्ही, ना लाटा, ना फोटो. पाटलाच्या वाड्यातली आजी गोधडीत पडल्या पडल्या दीड किलोमीटरवरची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर एका मिस्ड कॉलवर बंद करते, आणि आपण ‘दूरस्थ नियंत्रण’ करतो आहोत याचा तिला पत्ता नसतो.

तिच्या सिमचा रिचार्ज कधी संपत नाही, हे लक्षात घ्या. फाइल लागत नाही. रिचार्ज संपला तर ऊस तिचाच वाळणार असतो.

तरी इथेही एक चावट भाऊ आहेच. ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपली आपण चालू, मालकाला फोनसुद्धा नको. एकाच्या मोटरला ठीक. पण एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्यांनीच ऑटो लावला की लाईट येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस डीपीची वाट बघायची. वीज कंपनी दर वर्षी ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणून विनवते. ऐकतो कोण? मी काढला आणि शेजाऱ्याने ठेवला तर?

यंत्र लांबून हलवता येतं म्हटल्यावर ते भलत्यानेही हलवायचं हे ओघानेच आलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची परगण्यात २०००च्या सुरुवातीला सांडपाण्याचे पंप वेड्यासारखे वागू लागले. भलत्या वेळी बंद पडायचे, गजर व्हायचाच नाही. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला एक माणूस होता. परगण्याकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. मग गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन तो पंपांना हुकूम सोडत हिंडला. सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत, बागांत आणि एका पंचतारांकित हॉटेलच्या आवारात गेला. २००१ साली त्याला दोन वर्षांची कैद झाली. यातला मला आवडलेला भाग असा, की बराच काळ कोणाला घातपाताची शंकाच आली नाही. नवी यंत्रणा आहे, म्हणजे बिघडणारच, असं सगळे धरून चालले होते. चोराला एवढं सुरक्षित पांघरूण दुसरं नाही.

आपल्या मुंबईची वीज गेली होती, आठवतं? १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास. लोकल थांबल्या, घरून काम करणारे घरीच होते पण काम गेलं. पुढे मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर हल्ल्याची शक्यता आहे. दिल्लीहून तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. वर्तमानपत्रांत बोटं चीनकडे होती. म्हणजे वाद उरला तो एवढाच, चीन की चूक. आपल्याकडे दोन सरकारं आहेत आणि दोघांचे टीव्ही वेगळे आहेत, त्यामुळे ज्याच्या पडद्यावर जे दिसलं ते त्याने सांगितलं.

चिनी हल्ल्याचा एक फायदा असतो म्हणा. त्यात कोणाची बदली करावी लागत नाही.

खराखुरा हल्ला कसा असतो ते युक्रेनने पाहिलं. २३ डिसेंबर २०१५ला तिथल्या वीज कंपनीतल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपला आपण हलू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद करत गेला. यांनी माउस धरला तरी बाण ऐकेना. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक ऐन थंडीत अंधारात. त्यात हल्लेखोरांनी कंपनीच्या तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा पाऊस पाडला, म्हणजे खऱ्या ग्राहकाचा फोन लागूच नये. (आपल्याकडे या कामाला परदेशी हल्लेखोर लागत नाहीत.) पण काही तासांत वीज परत आली. कशी आली? माणसं गाड्यांत बसून उपकेंद्रांवर गेली आणि हातांनी खटके वर केले. तिथे अजून खटके होते, आणि खटका कुठे आहे ते माहीत असलेली माणसं पगारावर होती.

यावरून मला आमचे मामा आठवतात.

मामा म्हणजे आमच्या भागाचे चावीवाले. नाव वेगळं आहे, पण साहेबांपासून पोरांपर्यंत सगळे मामाच म्हणतात. खांद्यावर ती टी-आकाराची लोखंडी चावी, सायकल, आणि डोक्यात शहराच्या पोटातल्या नळांचा नकाशा. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, कुठला चौथ्या आट्याला अडतो, हे फक्त त्यांना ठाऊक. हा नकाशा कागदावर नाही. टीव्हीवर तर नाहीच. नवी यंत्रणा आली तेव्हा चावीवाल्यांच्या नव्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं, कारण आता व्हॉल्व्ह आपोआप फिरणार होते. त्यातले निम्मे मोटरवाले व्हॉल्व्ह पहिल्या पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी शिरून बसले. ते मामा चावीने फिरवतात. मोटर बसवल्यामुळे आता चावी नीट बसत नाही, एवढीच मामांची तक्रार.

टाकीच्या बाहेरच्या अंगाला एक जुनी पट्टीही आहे. आत तरंगता गोळा, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून बाहेर आणि तिच्या टोकाला काटा. आत पाणी वर गेलं की बाहेर काटा खाली येतो. उलटं आहे, पण गल्लीतल्या बायकांना ते मुखोद्गत आहे. काटा खाली, हंडे भरून घ्या. मागे एक तरुण इंजिनिअर पाहणीला आले, त्यांनी काटा तळाला बघून ‘टाकी रिकामी आहे’ असा शेरा लिहिला. वरून पाणी सांडून त्यांचा कागद भिजला म्हणतात. ही गोष्ट मामांनी सांगितली, त्यामुळे थोडी भर असणार.

तर आमच्या टाकीचं पुढे काय झालं? फाइल होती तिथेच राहिली. त्या डिप्लोमावाल्या पोराने तिसऱ्या दिवशी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशाने रिचार्ज मारला. ही गोष्ट कोणाला सांगू नका, नियमात बसत नाही. रिचार्ज पडताच बासष्टाचे एकदम शंभर झाले, टीव्ही लाल झाला, भोंगा वाजला. भोंग्याबरोबर यंत्रणा अधिकाऱ्यांना आपोआप मेसेज पाठवते. यादीतल्या तिसऱ्यांचा फोन मीटिंगमुळे बंद होता. दुसऱ्यांची बदली झाली आहे, त्यांनी ‘आता माझा विषय नाही’ म्हणून सोडून दिलं. यादीतलं पहिलं नाव दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या साहेबांचं आहे, ते काढायचं राहून गेलं. ते पुण्याला मुलीकडे असतात. मेसेज वाचून त्यांनी तडक एकच फोन लावला.

“मामा, तुमची टाकी वाहतेय.”

“हो साहेब,” मामा म्हणाले, “खालीच उभा आहे. भिजलोय.”